बाळंतिणीच्या खोलीतला एसी

बाळंतपण मी करतो, असं मी फोनवर बोलून बसलो आणि तिथून सगळं सुरू झालं. पलीकडं सिंगापूरला माझी पोटुशी मुलगी. ती म्हणाली, "पप्पा, कुणाचं?"

"तुझं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"आणि माहेरी कोण आहे?"

"मी आहे की."

ती हसायला लागली ती थांबेचना. मीही हसलो, कारण माझ्यावर कुणी हसायला लागलं की मला राहवत नाही, मीही सामील होतो. तिची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरी मी एकटाच. स्वयंपाक म्हणजे पिठलं, आणि वेगळं काही करायचं असेल तर जास्त पातळ पिठलं. धंदा म्हणजे तालुक्याच्या गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायच्या, घरांची वायरिंग करायची. शाळा चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. असा माणूस बाळंतपण करणार!

हसून झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "आई असती तर मी तिकडंच आले असते. आता तुम्हीच इकडं माहेर घेऊन या."

मी मोटारीचा आवाज येतोय असं सांगून फोन ठेवला. मोटार बंदच होती.

विहीणबाईंना हे अजिबात पटलं नाही. त्या पुण्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की मला अजून उठून उभं राहावंसं वाटतं. "व्याही, राग मानू नका, पण पुरुषमाणूस काय बाळंतपण करणार? मीच जाते." सिंगापूरला सेंगकांगमधला मुलीचा फ्लॅट केवढासा! एक मोठी खोली, एक लहान खोली आणि हॉल. त्यात विहीण आणि व्याही दोघं मावणार नाहीत हे सगळ्यांनाच कळत होतं. शेवटी मुलीनंच तोडगा काढला. मी जायचं आणि लहान खोली बाळंतिणीसाठी नीट करून घ्यायची. ती दवाखान्यातून येईपर्यंत खोली तयार असली तर मी राहायचं. नसली तर विहीणबाई बॅग भरून तयारच होत्या, आणि मी परत पिठलं खायला.

खोली लहान म्हणजे दारातून आत पाऊल टाकलं की खिडकी दिसायच्या आधी लागायची. मी गेलो तेव्हा तिच्यात खोकी, जुना व्यायामाचा सायकल-स्टँड आणि वाळत घातलेले कपडे होते. आम्ही रंग लावून घेतला. सुतारानं एका भिंतीला छतापर्यंत कपाट ठोकून दिलं, बाळाचे कपडे, दुपटी, माझा शेक-शेगडीचा पसारा, सगळं त्यात बसेल असं. उरलेल्या जागेत पलंग लांबीनं बसला. डोकं दाराकडं, पाय खिडकीकडं. एसी कपाटासमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला वर, म्हणजे वारा पायांवरून जायचा. मुलगी आली, तिनं आडवं पडून बघितलं, म्हणाली, "पप्पा, मस्त झालं."

झालं होतंच. तिथं मी हात झटकून चहा प्यायला पाहिजे होता.

पण मी चहा घेऊन त्याच खोलीत बसलो. दुपारची वेळ. खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. मी बघत बसलो आणि कप खाली ठेवला. आयुष्यभर छपरांवर चढून वायरी ओढल्या, आपल्याकडं दुपारचं ऊन कुठून येतं हे मला झोपेतही सांगता येतं. दक्षिणेकडून. म्हणजे ही खिडकी दक्षिणेची. म्हणजे माझ्या मुलीचे पाय दक्षिणेला.

दक्षिणेला पाय कुणाचे करतात, हे सांगायला नको. तिच्या आईचे मीच केले होते. शेजारचे म्हणत होते, तुम्ही बसा, आम्ही करतो. मी ऐकलं नाही. म्हटलं, खाट मी आणलेली, मीच फिरवणार.

संध्याकाळी जावई पाया लेबारच्या ऑफिसातून आले तेव्हा मी पलंग उलटा करायला घेतला होता. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी एक बाजू धरली. चांगला माणूस. सासऱ्याला विरोध करायचा नाही असं त्यांना घरून शिकवलंय, त्याचा मी पुष्कळ फायदा घेतो. पलंग फिरवून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "पप्पा, फोनवर कंपास आहे. तो उत्तर खिडकीकडं दाखवतोय."

मी म्हटलं, "जावईबापू, या भिंतीत किती लोखंड असतं माहीत आहे का? कंपास बिचारा काय करणार? मी तीस वर्षं भिंती फोडल्यात."

"हो, तेही आहे," ते म्हणाले. मुलगी हॉलमधून ओरडली, "पप्पा, तुम्ही पण ना! गूगलपेक्षा मोठे झालात का?" मी म्हटलं, "गूगल कधी छपरावर चढलंय का?" सगळे हसले. मी त्याच जोरात देव्हाराही फिरवला. देव काही बोलले नाहीत.

पलंग फिरवल्यावर मात्र एसी थेट उशीवर यायला लागला. मी स्वतः झोपून बघितलं. पाच मिनिटांत कपाळ बधिर. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो, हे मलासुद्धा माहीत आहे. तिची आई असती तर एसीच नको म्हणाली असती. पण मुलगी म्हणाली, एसी नसेल तर मी दवाखान्यातच राहते. मग एकच राहिलं. पलंगाची दिशा बदलायची नाही, म्हणून एसी बदलायचा. त्याच भिंतीवर सहा फूट सरकवून दाराच्या बाजूला न्यायचा, म्हणजे वारा पुन्हा पायांवर. मी म्हटलं, काय त्यात? पंखा हलवल्यासारखंच.

एसीवाल्यानं आठवड्यानंतरची वेळ दिली. बाळंतपणाच्या तारखेला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही निवांत. आणि मुलीला आधीच कळा सुरू झाल्या. सिझर झालं. नात झाली. मी दवाखान्यात तिला हातात घेतलं तेव्हा ती माझ्याकडं बघून जांभई देत होती, म्हणजे मला ओळखलं असणार. पण आनंद करायला सवड नव्हती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही तब्येती छान, सोडतो. सोडायचा दिवस आणि एसीवाल्याचा दिवस एकच निघाला.

मुलीनं जाताना मला बजावलं होतं, आणि दवाखान्यातून पुन्हा फोन केला. आवाज दमलेला. "पप्पा, खोली होईल ना? पुण्याहून आईंचा रोज फोन येतोय. मी त्यांना होईल म्हणून सांगितलंय."

"तू ये फक्त," मी म्हटलं.

एसीवाला मलाय, माझ्याच वयाचा, पोट माझ्यापेक्षा जरा पुढं. शिडी, खोकं आणि तांब्याच्या नळीचं वेटोळं घेऊन आला. त्याचं इंग्रजी तुटक, माझं त्याहून तुटक, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. त्यानं खोली बघितली, एसी बघितला, मला विचारलं, "अंकल, हिअर ऑलरेडी गुड, व्हाय शिफ्ट?" इथं चांगला आहे, हलवता कशाला?

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आय ऑल्सो मिस्त्री." मीही मिस्त्रीच आहे. त्यानं खांदे उडवले. "यू से देअर, आय पुट देअर."

काम बघून मला कळलं की पंखा हलवल्यासारखं त्यात काही नव्हतं. आधी त्यानं सगळा गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून घेतला. मग नळ्या कापल्या, एसी उतरवला. भिंतीवर तीन भोकं आणि रंगाखालची जुनी पांढरी चौकट उघडी पडली, दात काढलेल्या तोंडासारखी. नवीन जागी ड्रिल लावलं तेव्हा धूळ सगळ्या दुपट्यांवर गेली, कारण कपाटाचं दार मी उघडंच ठेवलं होतं. मी दुपटी झटकायला बाहेर नेली. परत आलो तर तो पाण्याची नळी बसवत होता. एसीतलं पाणी बाहेर जायला नळीला उतार लागतो, आणि आता नळी सहा फूट लांबली होती. उतार कमी पडला तर पाणी उलटं खोलीत टपकणार. मी खालून "अप, अप, लिटिल डाउन" करत होतो. शेवटी तो म्हणाला, "अंकल, मेक कॉफी लाह." लाह म्हणजे त्यांच्याकडचं 'बरं का'. मी गेलो. कॉफी केली, साखर समजून मीठ घातलं नाही एवढंच.

जावयांचा फोन आला. कागदपत्रं चालू आहेत, थोड्या वेळात निघू.

नळ्या जोडून झाल्या. आता त्यानं एक पंप लावला. नळीतली सगळी हवा आणि ओल ओढून काढायची, मगच गॅस सोडायचा, आणि ते घाईनं होत नाही. पंप घुरघुरत राहिला. त्यानं हात-पाय धुतले, पिशवीतून छोटी चटई काढली आणि हॉलमध्ये जागा आहे का विचारलं. नमाजाची वेळ झाली होती.

मी लगेच सोफा सरकवला. पाहुण्याची सोय करायची म्हणून मीच हात करून दाखवलं, "वेस्ट! वेस्ट दॅट साइड!" स्वयंपाकघराकडं. त्याला मक्केकडं तोंड करायचं असतं, आणि मक्का पश्चिमेला, एवढं ज्ञान मला होतं.

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग खिडकीकडं, आणि हसून मान हलवली. चटई उचलून बरोबर उलट्या बाजूला टीव्हीकडं अंथरली आणि उभा राहिला.

मी तिथंच खांबासारखा. माझ्या हिशोबानं टीव्हीची भिंत पूर्वेला. हा माणूस रोज पाच वेळा पश्चिमेला तोंड करतो. त्याला मी भिंतीतल्या लोखंडाचं सांगू शकत नव्हतो. तो वाकत होता, उठत होता, आणि मी तोंडातल्या तोंडात दिशा मोजत होतो. टीव्ही पश्चिम. तर स्वयंपाकघर पूर्व. तर खिडकी...

त्याचं आटोपल्यावर मी त्याला खोलीत नेलं, उन्हाची पट्टी दाखवली. "सन. साउथ. नो?"

"नो, अंकल. नाऊ जून. सन गो नॉर्थ साइड. डिसेंबर, कम साउथ."

म्हणजे इथला सूर्य अर्धं वर्ष एका बाजूला कललेला आणि अर्धं वर्ष दुसऱ्या. आयुष्यभर एकाच गावाच्या छपरांवर चढल्याचा हा परिणाम. खिडकी उत्तरेची. पलंग आधी होता तोच बरोबर होता. एसी आधी होता तोच बरोबर होता. देवसुद्धा आधी होते तेच बरोबर होते. सगळं बरोबर असलेल्या खोलीत मी एकटाच उलटा, आणि मी सगळ्यांना माझ्यासारखं करून घेतलं होतं. मुलीचं डोकं आता उत्तरेला आणि पाय दक्षिणेला येणार होते. ज्याला मी घाबरलो होतो, तेच मी शिडी लावून, भिंत फोडून, खास माणूस बोलावून करून घेतलं होतं.

"शिफ्ट बॅक," मी म्हटलं. "प्लीज. ओल्ड प्लेस."

त्याला आधी मी चेष्टा करतोय असं वाटलं. मग माझं तोंड बघून तो हसायचा थांबला. नळ्या कापून झाल्या होत्या, जुनी भोकं त्यानं नीट बुजवली होती, आणि त्याला पुढं बुकित बातोकला काम होतं. परत यायचं तर पुढच्या आठवड्यात. मी हात जोडले. त्यानंही माझे जोडलेले हात धरले आणि म्हणाला, "अंकल, कॅनॉट." गॅस सोडला, एसी सुरू करून थंड हवा येते का ते बघितलं, आणि शिडी घेऊन गेला.

फोन वाजला. "पप्पा, टॅक्सीत बसलोय," जावई म्हणाले. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

मी विचार केला, उशी फिरवायची, डोकं दाराकडं. दिशा बरोबर, पण एसी आता दाराकडंच. उशी जाणार तिथं हात ठेवला, बर्फ. मग म्हटलं, पलंग आडवा लावू, दोन्हींतून सुटका. लावायला गेलो. पलंग अर्धा फिरला आणि नव्या कपाटात आणि भिंतीत गच्च अडकला, पुढं जाईना, मागं येईना. मी पलंगाच्या पलीकडं खिडकीशी, दार अलीकडं. आता बाळ-बाळंतीण येणार आणि खोलीत कोण कोंडलेलं, तर बाळंतपण करणारा! पाठ भिंतीला लावून दोन्ही पायांनी रेटलं, तेव्हा कुठं सुटून पुन्हा होता तसा लांबीला आला, आणि नव्या रंगावर लांब ओरखडा काढून गेला.

मग एसीची पाती. आत उभ्या छोट्या पात्या असतात, त्या वळवल्या की वारा दुसरीकडं जातो. मी स्टुलावर चढलो, बोट घातलं, वळवलं. पाती वळली नाही. हातात आली.

मी ती खिशात टाकली, आणि दाराची बेल वाजली.

मुलगी आत आली ती एक हात पोटाच्या टाक्यांवर धरून, जमिनीकडं बघत. जावयांकडं बाळ. मी ओवाळायचं म्हणून सकाळीच निरांजन काढून ठेवलं होतं, भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात उभं राहायचं होतं. सगळं ओट्यावरच राहिलं. मी दारात रिकाम्या हातांनी उभा, डोक्यावर भिंतीची पांढरी धूळ.

ती सरळ लहान खोलीकडं निघाली. मी आडवा गेलो.

"बाळा, आधी ऐक. खोली झाली नाही."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ऊन, लोखंड, नमाज, जून, पाती. खिशातून पाती काढून दाखवली सुद्धा. मला वाटत होतं ती हसेल. मी हसवण्यासाठीच जरा वाढवून सांगत होतो, खरं सांगायचं तर. ती हसली नाही. भिंतीला टेकली, डोळे मिटले, आणि गालांवरून पाणी यायला लागलं. "पप्पा, मला फक्त झोपायचंय," ती म्हणाली.

"विहीणबाईंना बोलाव," मी म्हटलं. "मी जातो. त्यांना जमेल नीट."

ती तशीच आत गेली, बसली, हळूहळू आडवी व्हायला लागली, उशी होती तिकडंच, खिडकीकडं. आणि मला बघवेना. मी धावत जाऊन उशी ओढून दाराकडं टाकली. "इकडं डोकं कर, एवढं कर माझ्यासाठी."

ती कण्हत कण्हत फिरली. जावयांनी बाळ तिच्या कुशीत ठेवलं. एसीचा झोत थेट दोघींच्या केसांवर. बाळानं नाक आक्रसलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. समोर परात होती, कणीक मळायची, स्टीलची. ती घेऊन मी स्टुलावर चढलो आणि एसीसमोर तिरकी धरली. वारा परातीवर आदळून छताकडं गेला. खाली शांत. जावई बघत राहिले, मग म्हणाले, "पप्पा, पुठ्ठा कापून आणतो," आणि पाळण्याचं खोकं शोधायला गेले.

तेवढ्यात उशाशी फोन वाजला. विहीणबाई. व्हिडिओ.

मुलीनं एका हातानं घेतला. "आलात का घरी? बघू बघू माझी बाई! अगं नाक अगदी आमच्याकडचं!" मग आवाज बदलला, मुख्याध्यापिकेचा झाला. "खोली झाली का? दाखव बघू मला खोली."

परात जड असते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. खांदे थरथरायला लागले. फोन जरा वर झाला असता तर विहीणबाईंना दिसलं असतं की त्यांचे व्याही स्टुलावर उभे राहून एसीला परात दाखवतायत. आणि मी हात खाली घेतले असते तर वारा नातीवर. मी वरून मुलीकडं बघितलं. तीही वर माझ्याकडं बघत होती. तिनं ठरवायचं होतं आणि मला काही बोलायची सोय नव्हती.

तिनं फोन कपाटाकडं केला. "हे बघा कपाट. सगळे कपडे बसले." मग खिडकी. मग बाळ. ओरखड्याशी आल्यावर तिचा अंगठा कॅमेऱ्यावर गेला.

"आणि एसी? वारा येत नाही ना अंगावर?"

"नाही येत," मुलगी म्हणाली. खरंच येत नव्हता.

"डोकं कुठल्या दिशेला केलंय?"

"दक्षिणेला."

"कुणी बघितली दिशा? त्या फोनवर भरवसा ठेवू नका हं."

"पप्पांनी बघितली. मक्केवरून."

"कशावरून?"

"नंतर सांगते. तुम्ही यायची घाई करू नका आई, बारशाला या. पप्पा आहेत."

फोन ठेवल्यावर तिचं पोट हलायला लागलं. टाके दुखतात म्हणून ती आवाज न करता हसत होती, उशी तोंडावर धरून. "पप्पा, मला हसवू नका, खाली उतरा."

"उतरू कसा? पुठ्ठा येऊ दे."

पुठ्ठा सापडत नव्हता. हॉलमधून जावई खोकी उघडत असल्याचा आवाज येत होता. बाळ झोपलं. मुलगीही हसता हसता झोपली, तोंड जरा उघडं. मी परात दुसऱ्या हातावर घेतली आणि तिथंच उभा राहिलो.